स्तूपाचे चित्र आणि स्तूपाचा दगड : लामा अनागारिक गोविंद यांच्या कलेची चिकित्सा

बौद्ध कलेचा विचार मराठीत बहुधा दोन अंगांनी झालेला आहे. पुरातत्त्वज्ञांनी लेण्यांची मापे घेतली, शिलालेख वाचले, कालनिश्चिती केली. आणि उपासकांनी त्याच लेण्यांपुढे उभे राहून वंदना घेतली. परंतु ज्याने एका हाती रंगाची कांडी धरली व दुसऱ्या हाती अभिधम्माची पोथी धरली, अशा कलावंताची चिकित्सा आपल्याकडे क्वचितच झाली. लामा अनागारिक गोविंद (१८९८-१९८५) हे असे कलावंत होते. तिबेटी साधनेविषयीच्या त्यांच्या ग्रंथांना जगभर वाचक लाभले. मात्र या ग्रंथकीर्तीमुळे त्यांच्यातील चित्रकार झाकला गेला. तो चित्रकार कसा घडला, त्याच्या कलेने धम्माच्या आकलनात कोणती भर घातली आणि तिच्यातून काय निसटले, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करणार आहोत.

हा विचार तुंगार्लीत बसून करण्यास विशेष औचित्य आहे. गोविंदांनी ज्या एका आकाराचा आयुष्यभर ध्यास घेतला, तो आकार म्हणजे स्तूप. लोणावळ्याच्या उत्तर अंगास असलेल्या या तुंगार्लीहून पूर्वेकडे इंद्रायणीच्या खोऱ्यात उतरले की कार्ले, भाजे आणि बेडसे येथे तोच आकार दोन हजार वर्षांपासून सह्याद्रीच्या काळ्या कातळात उभा आहे. गोविंदांनी स्तूपाची चित्रे काढली आणि स्तूपाच्या अर्थावर ग्रंथही लिहिला. त्या चित्रांची व त्या ग्रंथाची परीक्षा आपल्या मावळातील दगडापाशी करून पाहणे, हा या लेखाचा खरा हेतू आहे.

घडणीचा काळ

गोविंदांचे मूळ नाव एर्न्स्ट लोथार हॉफमन. जन्म १७ मे १८९८ रोजी जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतातील वाल्डहाइम या गावी झाला. वडील जर्मन, आई बोलिव्हियाची. ती त्यांच्या बालपणीच निवर्तली. पहिल्या महायुद्धात ते इटलीच्या आघाडीवर गेले आणि क्षयाची बाधा झाल्याने सैन्यातून मोकळे झाले. पुढे फ्रायबुर्ग येथे तत्त्वज्ञानाचे अध्ययन करीत असतानाच ते बुद्धवचनांकडे वळले. बौद्ध धर्माचे मूलभूत विचार आणि ईश्वरकल्पना यांच्या संबंधावरील त्यांचे पहिले पुस्तक १९२० साली जर्मन भाषेत प्रसिद्ध झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. ज्याचा धम्मप्रवास ईश्वरकल्पनेच्या चिकित्सेने सुरू झाला, तो पुढे गूढवादाचा भाष्यकार व्हावा, ही त्यांच्या आयुष्यातील एक लक्षणीय विसंगती आहे. तिचा उलगडा त्यांच्या चित्रांतून होतो, असे आमचे मत आहे.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात त्यांचे वास्तव्य इटलीतील काप्री बेटावर होते. तेथे जर्मन चित्रकारांची एक वसाहतच होती. सागर, कडे आणि प्राचीन अवशेष यांच्या सान्निध्यात त्यांनी पेस्टल म्हणजे खडूसारख्या रंगकांड्यांचे माध्यम आपलेसे केले. या माध्यमाचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. तैलरंगाप्रमाणे त्यात थरावर थर चढवून चुका झाकता येत नाहीत. मात्र मोठे, शांत, एकरंगी पृष्ठभाग आणि प्रकाशाने उजळलेल्या कडा त्यात फार उत्तम साधतात. डोंगर, भिंत, घुमट अशा भरीव आकारांची ओढ असलेल्या डोळ्याला हे माध्यम मिळाले. पुढे तिबेटचे मठ आणि छोर्तेन त्यांनी ज्या हातोटीने रंगविले, तिची तालीम या काळातच झाली.

१९२८ साली ते श्रीलंकेस आले. दोडंदुवा येथील बेटावरील आश्रमात जर्मन स्थविर न्यानतिलोक यांच्यापाशी त्यांनी पालीचे व अभिधम्माचे अध्ययन केले, अनागारिक झाले आणि गोविंद हे नाव धारण केले. 'अभिधम्मत्थसंगह' या ग्रंथाचे त्यांनी केलेले जर्मन भाषांतर १९३१ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी दार्जिलिंग येथे भरलेल्या बौद्ध परिषदेस ते गेले, ते थेरवादाच्या शुद्ध परंपरेचा पक्ष मांडण्यासाठी. परंतु घूम येथील विहारात तोमो गेशे रिंपोछे यांची भेट झाली आणि त्यांच्या जीवनाची दिशा तिबेटकडे वळली. पाली सोडून ते तिकडे गेले, असे मात्र म्हणता येणार नाही. आरंभिक बौद्ध तत्त्वज्ञानातील मानसशास्त्रीय दृष्टी या विषयावरील त्यांची पाटणा विद्यापीठातील व्याख्याने पुढे पुस्तकरूपाने आली. ती आजही अभिधम्माच्या विद्यार्थ्याने वाचावीत अशी आहेत.

निमित्त आणि प्रतीक

चौथ्या दशकात गोविंद शांतिनिकेतनात अध्यापन करीत होते. १९३६ साली अलाहाबाद येथून (आजचे प्रयागराज) त्यांचे 'आर्ट अँड मेडिटेशन' हे पुस्तक निघाले. त्यात कला व ध्यान यांच्या संबंधावरील विवेचनासोबत त्यांची बारा अमूर्त चित्रे होती. अलाहाबादच्या संग्रहालयात त्यांच्या चित्रांसाठी एक स्वतंत्र दालनही त्या दशकात निर्माण झाले. काप्रीचा निसर्गचित्रकार येथे भौमितिक आकारांपर्यंत आणि शुद्ध रंगापर्यंत आला होता. वर्तुळ, घन, शंकू, रेषा यांना त्याने मनाच्या अवस्थांचे वाहक मानले.

या स्थित्यंतराची तुलना समीक्षक साहजिकच त्या काळच्या युरोपीय अमूर्त कलेशी करतील. परंतु पालीच्या अभ्यासकाला याहून जवळचा एक आधार उपलब्ध आहे. ज्या 'अभिधम्मत्थसंगहा'चे भाषांतर गोविंदांनी केले, त्यात चाळीस कर्मस्थाने सांगितली आहेत आणि त्यांत पहिली दहा कसिणांची आहेत. पृथ्वी, आप, तेज, वायू यांसह नील, पीत, लोहित आणि अवदात हे रंगही तेथे ध्यानाचे आलंबन होतात. आचार्य बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्गा'त पृथ्वीकसिणाची कृती दिली आहे. अरुणवर्णी माती घ्यावी, तिच्यातील काडीकचरा काढून टाकावा, एक वीत चार बोटे व्यासाचे मंडल करावे, त्याचा पृष्ठभाग नगाऱ्याच्या कातड्यासारखा सपाट करावा आणि योग्य अंतरावर बसून त्याकडे पाहावे. प्रथम समोर दिसते ते परिकम्मनिमित्त. डोळे मिटल्यावरही तेच मंडल जसेच्या तसे दिसू लागते, ते उग्गहनिमित्त. त्यात मंडलावरील बारीकसारीक दोषही दिसतात. त्यानंतर सर्व दोषांपासून मुक्त, रंगरूपाच्या पलीकडचे असे जे निर्मळ निमित्त प्रकटते, ते पटिभागनिमित्त.

गोविंदांच्या कलेचा प्रवास या तीन पायऱ्यांवर ठेवून पाहिला, तर तो स्वच्छ उलगडतो. काप्रीचा कडा हे परिकम्म, स्मृतीत उरलेला व साधा झालेला आकार हे उग्गह आणि १९३६ च्या पुस्तकातील अमूर्त चित्र हे पटिभागाचे कागदावर उतरविलेले रूप होय. मांडणी आमची असली तरी तिची सामग्री त्यांच्याच अभ्यासातील आहे. एका चित्रकाराने कसिणभावनेतील दृष्टीचे शिक्षण कलेच्या व्यवहारात आणून दाखविले, ही त्यांची मोठी देणगी आहे, असे आम्ही मानतो. पाहणे ही शिकण्याची आणि शुद्ध करण्याची क्रिया आहे, हे त्यांच्या चित्रांइतके क्वचितच कोठे स्पष्ट होते.

परंतु येथेच दोन वाटा फुटतात. पाली परंपरेत निमित्त हे साधन आहे. त्याच्या आधारे चित्त एकाग्र होते, ध्यानांगे प्रकट होतात. आणि मग साधकाला त्या ध्यानाकडेही अनित्य, दुःख, अनात्म म्हणून पाहावयाचे असते. मातीचे मंडल कोणी विहारात पूजेला मांडून ठेवीत नाही. गोविंदांच्या पुढील कलेत मात्र निमित्ताचे प्रतीक झाले. साधन म्हणून हाती घेतलेला आकार विश्वाच्या रचनेचे रहस्य सांगणारा आकार ठरला. निमित्त काम संपताच बाजूला राहते. प्रतीकाचे काम कधीच संपत नाही, कारण त्यात नवा अर्थ ओतणे नेहमीच शक्य असते. ईश्वरकल्पनेची चिकित्सा करणारा तरुण गूढवादापर्यंत कसा पोहोचला, याचे उत्तर आम्हास या बदलात दिसते.

छावणी आणि त्सापारंग

दुसऱ्या महायुद्धात गोविंदांना ब्रिटिश सरकारने स्थानबद्ध केले. १९३८ सालीच त्यांनी ब्रिटिश नागरिकत्व घेतले होते, तरी जन्माने जर्मन असणे आणि नेहरू घराण्याशी स्नेह असणे ही कारणे संशयाला पुरेशी ठरली. प्रथम त्यांना तेव्हाच्या अहमदनगरच्या छावणीत ठेवले होते. तेथे नाझी पक्षाच्या कैद्यांनी त्यांचा छळ केला, कारण फॅसिझमविषयीचा आपला विरोध त्यांनी लपविला नाही. पुढे त्यांना डेहराडून येथे नाझीविरोधी कैद्यांच्या विभागात हलविण्यात आले. आत्ममग्न चित्रकार अशी त्यांची जी प्रतिमा आहे, तिच्यावर ही घटना वेगळा प्रकाश टाकते.

डेहराडूनला त्यांचे सोबती होते भिक्खू न्यानपोनिक. हे न्यानतिलोकांचेच शिष्य, जन्माने जर्मन ज्यू. त्याच छावणीत न्यानपोनिकांनी सुत्तनिपात आणि धम्मसंगणी यांची जर्मन भाषांतरे केली. आणि पुढे सतिपट्ठानाचे विवरण करणारे आचार्य म्हणून ते विख्यात झाले. एकाच गुरूकडून अभिधम्म शिकलेल्या या दोन स्थानबद्धांपैकी एकाने निमित्तापेक्षाही साध्या अशा स्मृतीची वाट धरली, तर दुसऱ्याने प्रतीकाची. दोघांची मैत्री मात्र अखेरपर्यंत टिकली. मतभेद असूनही परस्परांच्या अभ्यासाविषयी आदर बाळगण्याचा हा नमुना आपल्या संस्था-संघटनांनीही ध्यानात घ्यावा असा आहे.

१९४७ साली गोविंदांचा विवाह ली गोतमी यांच्याशी झाला. ली गोतमी म्हणजे पूर्वाश्रमीच्या रत्ती पेटिट (१९०६-१९८८), मुंबईच्या पारशी कुटुंबातील. शांतिनिकेतनात त्यांनी कलेचे शिक्षण घेतले होते, आणि त्या कुशल छायाचित्रकारही होत्या. १९४८ साली हे दांपत्य पश्चिम तिबेटातील प्राचीन गुगे राज्याच्या ओसाड राजधानीत, त्सापारंग येथे पोहोचले. तेथील मंदिरांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यात त्यांनी कडाक्याच्या थंडीत अनेक आठवडे घालविले. कुंचल्यावरची शाई गोठू लागली, की ती निखाऱ्यांच्या उबेने पातळ करून घ्यावी लागे. बुद्धचरित्रातील प्रसंगांच्या चित्रांचे रेखांकन ली गोतमींनी केले. भिंतीवर कागद लावून रेषेवर रेष काढत जाण्याचे हे काम अत्यंत चिकाटीचे. त्यात स्वतःची प्रतिभा मिरविण्यास वाव नसतो. पुढे सांस्कृतिक क्रांतीच्या काळात त्सापारंगच्या मूर्तींचा मोठा विध्वंस झाला. त्यामुळे या दोघांनी आणलेली रेखाचित्रे आणि ली गोतमींची छायाचित्रे आज अनमोल साधने ठरली आहेत.

गोविंदांच्या चरित्रात ली गोतमींचा उल्लेख 'सहधर्मचारिणी' म्हणून येतो व तेथेच संपतो. हे अन्यायाचे आहे. गोविंदांच्या तिबेटविषयक चित्रांत डोंगर, मठ, तट, छोर्तेन यांचे राज्य आहे. माणूस तेथे अभावानेच येतो आणि आला तरी ठिपक्याएवढा. ली गोतमींच्या छायाचित्रांत मात्र भिक्खू आहेत, भटके पशुपालक आहेत, स्त्रिया आहेत आणि त्यांचे चेहरे आहेत. 'तिबेट इन पिक्चर्स' हा त्यांचा दोन खंडांचा संग्रह १९७९ साली प्रसिद्ध झाला. एकाच प्रवासातून परतलेल्या दोन दृष्टींपैकी एकीने आकार आणला आणि दुसरीने माणसे आणली. बौद्ध कलेच्या अभ्यासाला या दोन्हींची गरज आहे. कीर्ती मात्र एकाच दृष्टीच्या वाट्याला आली.

कार्ले-भाज्याची कसोटी

आता स्तूपाकडे येऊ. स्तूपाच्या प्रतीकार्थावरील गोविंदांचा ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला आणि १९७६ साली तो विस्तृत रूपात आला. त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे : स्तूपाचा प्रत्येक भाग हा विश्वाचे आणि चित्ताचे एकाच वेळी प्रतिनिधित्व करतो. चौकोनी पाया पृथ्वीचा, गोल अंड जलाचे, शंकू अग्नीचा, आणि त्यावर वायू व आकाश. तिबेटी छोर्तेनच्या परंपरेनुसार पायऱ्यांपासून हर्मिकेपर्यंतच्या भागांत सदतीस बोधिपक्खिय धम्म क्रमाने बसविलेले असतात. खालच्या पायऱ्यांवर चार सतिपट्ठान, चार सम्मप्पधान, चार इद्धिपाद, मग पाच इंद्रिये, पाच बले, सात बोज्झंग आणि हर्मिकेशी आर्य अष्टांगिक मार्ग. मांडणी सुंदर आहे, शिकविण्यास सोयीची आहे आणि तिच्यातील धम्मसंज्ञा अस्सल पालीतील आहेत.

प्रश्न कालक्रमाचा आहे. छोर्तेनची ही पायऱ्यांची रचना व तिचे हे भाष्य पुष्कळ उत्तरकालीन आहे. भाज्याचे चैत्यगृह इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील मानले जाते. तेथील स्तूपाला पायऱ्यांची उतरंड नाही. गोल मेधी, त्यावर अंड, त्यावर हर्मिका : एवढेच. उत्तरकाळचा अर्थ प्राचीन दगडात वाचणे हा प्रतीकवादी समीक्षेचा नेहमीचा दोष आहे, आणि गोविंद त्यापासून मुक्त नाहीत.

कार्ल्याचे उदाहरण याहून बोलके आहे. तेथील चैत्यगृहात स्तंभांची संख्या सदतीस आहे : दोन्ही बाजूंस पंधरा-पंधरा आणि स्तूपामागे अर्धवर्तुळात साधे सात. गोविंदांची दृष्टी घेऊन आत गेलेला मनुष्य सदतीस ही संख्या मोजताच थबकेल आणि येथे बोधिपक्खिय धम्मच उभे आहेत असे म्हणेल. आम्हासही हा मोह पडतो. परंतु त्या चैत्यगृहात लेख आहेत, आणि ते निराळेच सांगतात. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्ण केल्याचे त्यात आहे. धेनुकाकट येथील यवनांनी स्तंभ दिल्याचे त्यात आहे. धेनुकाकटाच्याच सामी नावाच्या सुताराने दार घडविल्याचे आणि सिंहदत्त नावाच्या गंधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याने, दान दिल्याचे त्यात आहे. सोपाऱ्याच्या एका भाणकाचेही नाव आहे. सदतीस स्तंभांनी कोणता सिद्धांत सांगितला हे ठाऊक नसले, तरी ते कोणाच्या कष्टातून आणि दानातून उभे राहिले, हे दगडच सांगतो.

भाज्यास चैत्यगृहाच्या दक्षिणेकडे चौदा लहान स्तूपांचा समूह आहे; पाच कातळाच्या आत आणि नऊ बाहेर. त्यांच्यापैकी काहींवर ज्या स्थविरांचे ते स्तूप आहेत त्यांची नावे कोरलेली आहेत. धम्मगिरी आणि संघदिन्न ही त्यांतील दोन. येथे स्तूप म्हणजे विश्वरचनेचा नकाशा नाही. वर्षावासात या डोंगरात राहिलेल्या, धम्म सांगितलेल्या आणि मरण पावलेल्या माणसांची संघाने जतन केलेली ती आठवण आहे. चौदा स्तूप एकमेकांना खेटून उभे आहेत, एखाद्या कुटुंबातील माणसे छायाचित्रासाठी उभी राहावीत तसे. त्यांचा अर्थ त्यांच्या संगतीत आहे. प्रत्येकाचे वेगळे चित्र काढले की हा अर्थ नाहीसा होतो.

यावरून गोविंदांच्या कलेची मर्यादा आम्हास अशी दिसते : त्यांनी स्तूपातील चित्त पाहिले, पण स्तूपातील संघ पाहिला नाही. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच भिक्खूच्या प्रयोजनाचा प्रश्न उपस्थित केला आहे. भिक्खू केवळ स्वतःच्या परिपूर्णतेसाठी आहे की समाजसेवेसाठी, असा तो प्रश्न आहे. हाच प्रश्न बौद्ध कलावंतालाही लागू होतो. २५ डिसेंबर १९५४ रोजी याच लोहमार्गावरील देहूरोड येथे बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. त्या मूर्तीपुढे जमलेल्या समाजाला तिच्यातून मिळाला तो मनुष्यत्वाचा विश्वास. गूढार्थ शोधण्यासाठी ते लोक तेथे आलेले नव्हते. कार्ल्याच्या सुताराने दार घडविले आणि देहूरोडच्या श्रमिकांनी विहार सांभाळला, यांत एक सलग परंपरा आहे. प्रतीकवादी कलेच्या इतिहासात तिला स्थान मिळत नाही.

समारोप

मग गोविंदांना आपण बाजूला सारावे काय? आमचे उत्तर नकारार्थी आहे. आज महाराष्ट्रात गावोगावी विहार उभे राहत आहेत. त्यांच्या भिंती रंगविल्या जातात, आवारात स्तूप बांधले जातात. यांतील कित्येक ठिकाणी आकाराचा विचार झालेला नसतो. तयार साच्यातून घुमट ओतला जातो आणि भडक रंगात बुद्धचरित्र उतरविले जाते. अशा वेळी आकार, रंग आणि चित्त यांचा संबंध असतो, पाहण्यालाही शील व समाधी लागते, हे सांगणारा चित्रकार आपल्याला हवा आहे. त्सापारंगच्या भिंतीपुढे निखाऱ्याच्या उबेवर रेष काढणाऱ्या त्या दोघांची निष्ठा आपल्या चित्रकारांनी अभ्यासावी. आपल्या लेण्यांतील झिजत चाललेल्या लेखांचे आणि शिल्पांचे असे रेषेवर रेष ठेवून रेखांकन करणारे तरुण आपल्या विहारांतून निघाले, तर गोविंद व ली गोतमी यांच्या कार्याचा तो योग्य स्वीकार ठरेल.

त्यांचा डोळा घ्यावा. त्यांचा विश्वरचनेचा सिद्धांत मात्र दगडाच्या साक्षीने तपासून मगच घ्यावा. ज्यांनी दगड दिला, कोरला आणि जपला त्यांची नावे चित्राच्या चौकटीबाहेर जाऊ देऊ नयेत.

गोविंद १४ जानेवारी १९८५ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्निया येथे निवर्तले. ली गोतमी भारतात परतल्या आणि १९८८ साली पुण्यात त्यांचे निधन झाले. गोविंदांच्या अस्थी पुढे दार्जिलिंगजवळच्या एका विहारात त्यांच्यासाठी उभारलेल्या स्तूपात ठेवण्यात आल्या. विश्वाचे प्रतीक म्हणून ज्याने स्तूप आयुष्यभर रंगविला, त्याच्या वाट्याला अखेरीस भाज्याच्या धम्मगिरी-संघदिन्नांसारखाच स्तूप आला : शिष्यांनी आपल्या आचार्याच्या आठवणीसाठी उभारलेला.